पडद्यामागचा उजेड

हे मनन रात्रीचं आहे. जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला, खालच्या रस्त्यावरची वर्दळ ओसरली, की मग बसायचं. दिवसा खिडकीतून येणारा उजेड पडद्याचे निम्मे दोष झाकतो आणि उरलेल्यांत स्वतःची भर घालतो. दिवसा पाहून टीव्हीबद्दल काढलेलं कुठलंही मत पक्कं धरू नये.

हॉलमधले दिवे मालवा. देवासमोर समई तेवत असेल तर तेवू द्या, फक्त तिचं प्रतिबिंब टीव्हीच्या काचेत पडत नाही ना, एवढं बघा. फोन आतल्या खोलीत ठेवून या. रोज जिथे बसता तिथेच बसा, पाठ टेकून. आता टीव्हीवर पूर्ण काळं चित्र लावा. यूट्यूबवर नुसता काळा पडदा दाखवणारे तासन्‌तास लांबीचे व्हिडिओ आहेत, त्यांतला एखादा चालेल. चित्र संपूर्ण काळं झालं की काही टीव्ही मागचे दिवेच विझवतात. तुमचा तसा असेल तर काळ्यावर थोडी पांढरी अक्षरं असलेलं काहीतरी लावा. सिनेमाच्या शेवटची श्रेयनामावली उत्तम.

आणि थांबा. लगेच काही शोधायला जाऊ नका. डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. आपल्याला एवढी गरज नाही, पण पाच मिनिटं तरी द्या. श्वास त्याच्या गतीने चालू दे. सुरुवातीला समोर नुसतं काळं दिसेल. मग सावकाश लक्षात येईल की भिंत या पडद्यापेक्षा जास्त काळी आहे. पडद्याची चौकट अंधारात उठून दिसते आहे, कारण पडदा स्वतः उजळलेला आहे. त्या उजळण्याचा रंगही दिसू लागेल: राखाडी, बहुतेक वेळा किंचित निळसर. रोज ज्याला आपण काळं म्हणत आलो, तो हा रंग.

आता नजर वरच्या डाव्या कोपऱ्याकडे न्या. तिथे थोडा वेळ राहा. मग उजव्या, मग खालच्या दोन्ही. एखाद्या कोपऱ्यातून आतल्या बाजूला उजेडाचा तिरपा झोत येतो आहे का? मधल्या भागात कुठे फिकट ढग साचल्यागत दिसतात का? दिसले तर त्यांना अजून दोष म्हणू नका. कुठे आहेत, केवढे आहेत, तेवढं मनात नोंदवा. डोकं जरा डावीकडे झुकवा, मग उजवीकडे. काही ढग डोक्याबरोबर हलतील, फिके किंवा गडद होतील. काही जागचे हलणार नाहीत. हा फरक पुढे उपयोगी पडेल.

हे दिसतंय ते कळायला पडद्याच्या आत जावं लागतं. टीव्ही चित्र दाखवतो असं आपण म्हणतो, पण एलसीडी टीव्हीचं मूळ काम प्रकाश अडवण्याचं आहे. पडद्यामागे पांढरे दिवे असतात, आता एलईडीचे, पूर्वी बारीक ट्यूबचे, आणि साध्या सेटमध्ये चित्र चालू असेपर्यंत ते सगळे जळत राहतात. त्यांच्यापुढे दोन पोलरायझर फिल्म, एकमेकींशी काटकोनात लावलेल्या. त्या दोघींच्या मधे काचेचे दोन पातळ ताव, आणि त्या तावांच्या मधल्या तीन-चार मायक्रॉनच्या फटीत द्रवस्फटिक. पहिली फिल्म प्रकाशाच्या लहरींना एकाच दिशेने डोलू देते. दुसरीने नेमकी तीच दिशा बंद केलेली असते. मधले रेणू वीजदाबाप्रमाणे वळतात आणि लहरींची दिशा फिरवतात. जेवढी फिरवली तेवढा उजेड सुटला, नाही फिरवली तर तो अडला. पांढऱ्या चित्रातही मागच्या दिव्यांचा दहा टक्क्यांहून कमी प्रकाश आपल्यापर्यंत पोचतो. बाकीचा फिल्ममध्ये आणि रंगांच्या गाळणीत संपतो. आणि काळ्या चित्रात? धरणाचे दरवाजे पूर्ण उतरवले तरी कडांतून पाणी झिरपत राहतं. मागे साठा आहे तोवर झिरपणारच. आयपीएस प्रकारच्या पॅनेलमधून पांढऱ्याच्या साधारण हजाराव्या भागाइतका उजेड काळ्यातून झिरपतो. व्हीए प्रकारात हा पाझर तीन ते पाच हजाराव्या भागावर येतो. तो शून्य होत नाही.

इथे क्षणभर त्या रेणूंपाशी थांबू. 1888 साली प्रागमध्ये फ्रीड्रिश राइनित्झर नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातून मिळवलेल्या कोलेस्टेरॉलवर काम करत होता. त्यापासून केलेला एक पदार्थ 145.5 अंश सेल्सिअसला वितळला, पण झालेला द्रव ढगाळ होता. तापवत नेल्यावर 178.5 अंशांना तो ढग निवळला आणि द्रव स्वच्छ झाला. एकाच पदार्थाला वितळण्याची दोन ठिकाणं कशी, हे कोडं त्याने ओटो लेमान या भौतिकशास्त्रज्ञाला पत्राने कळवलं, आणि द्रवस्फटिकांचं शास्त्र तिथून सुरू झालं. वाहतो द्रवासारखा, पण रेणू रांगेत राहतात, अशी ही मधली अवस्था आहे. तुमच्यासमोरच्या पडद्यात ती आत्ता आहे. पूर्ण शिस्त तिच्याकडून मिळणं शक्य नाही, आणि अंधारात दिसणारा उजेड काही प्रमाणात तिथूनही येतो.

पण ढग सगळीकडे सारखे का नाहीत? त्याचं उत्तर आकारात आहे. जपानमधल्या साकाई इथल्या कारखान्यात 2009 पासून 2.88 मीटर बाय 3.13 मीटरच्या काचांवर पॅनेल घडवली जाऊ लागली. एवढी काच, जाडी मिलिमीटरहून कमी, आणि दोन काचांमधली फट सगळीकडे तीन-चार मायक्रॉनच राहिली पाहिजे. पुढे ही काच कापून, धातूच्या चौकटीत बसवून, खोक्यात भरून, ट्रकमधून खड्ड्यांच्या रस्त्याने आपल्या घरी येते. चौकटीचा एखादा स्क्रू जास्त आवळला गेला, वाहतुकीत सेट आडवा ठेवला गेला, भिंतीवरच्या ब्रॅकेटने पाठ जराशी पिळली, की काचेवर ताण येतो. ताण आलेली काच प्रकाशाची दिशा थोडी स्वतःच फिरवते, आणि तिथे उजेड सुटतो. न हलणारे ढग बहुधा हेच. कोपऱ्यातला झोत निराळा: फार सडपातळ टीव्हीत दिवे फक्त कडेला असतात आणि त्यांचा उजेड एका पारदर्शक तावातून पडदाभर पसरवला जातो, त्यामुळे कडांना तो जास्त राहतो. 32 इंचांच्या पडद्यापेक्षा 55 इंचांचं क्षेत्रफळ जवळजवळ तिप्पट. लहान पडद्यावर नजरेतून सुटणारा डाग इथे हातभर होतो.

पडद्यावरचे ढग कपड्याने चोळून घालवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्याऐवजी रिमोट घ्या, चित्राच्या सेटिंगमध्ये जाऊन 'बॅकलाइट' शोधा. शोरूममध्ये, शेकडो ट्यूबलाइटच्या खाली, तो शंभरवर ठेवलेला असतो आणि बऱ्याच घरी तो तसाच राहून जातो. एकेक पायरी खाली आणा, प्रत्येक पायरीला थांबा. पांढरं मंद होईल, त्याबरोबर ढगही मंद होतील, कारण दोघांचा साठा एकच आहे. रात्रीच्या खोलीत निम्मा बॅकलाइट पुरतो. 'ब्राइटनेस' नावाची शेजारची सेटिंग मात्र बऱ्याच सेटमध्ये वेगळं काम करते, काळं कुठून सुरू व्हायचं ते ठरवते. ती फार खाली ओढली की सावलीतले बारकावे बुडून जातात. ढग घालवायला तिला हात लावू नका.

आता काळं चित्र पुरे. 'तुंबाड' लावा. राही अनिल बर्वे यांचा हा 2018 सालचा सिनेमा, छायाचित्रण पंकज कुमार यांचं. कोकणातला पाऊस खरा मिळावा म्हणून एकाहून जास्त पावसाळे याचं चित्रीकरण चालू होतं. कथेपेक्षा आत्ता आपल्याला त्यातला अंधार पाहायचा आहे. वाड्यातलं, मिणमिणत्या दिव्याचं एखादं दृश्य निवडा आणि ते आवाज बंद करून पाहा. दिव्याच्या ज्योतीकडे पाहू नका. ज्योत कुठल्याही टीव्हीवर दिसते. ज्योतीपासून दीड वीत दूर बघा, जिथे उजेड संपत आलेला आहे. तिथे भिंत आहे का? भिंतीचा पोत आहे का? की नुसता राखाडी पडदा आहे? छायाचित्रकाराने त्या कडेवर बराच विचार केलेला असतो. उजेडातून अंधारात जाताना गोष्टी कुठल्या क्रमाने नाहीशा व्हायच्या, हे त्याने ठरवलेलं असतं. आपल्या पडद्यातून पाझर जास्त असेल तर त्या क्रमाच्या शेवटच्या पायऱ्या एकमेकींत मिसळतात आणि माणूस, खांब, कोपरा, सगळ्यांची एकच करडी छटा होते. मला हा एलसीडीचा सगळ्यांत मोठा दोष वाटतो, कारण यात प्रेक्षकाला काही चुकल्याचं कळतही नाही. त्याला वाटतं, सिनेमाच असा मळकट आहे.

पावसातल्या दृश्यांपाशीही थोडं रेंगाळा. ढगाळ आभाळाचा राखाडी रंग वरून खाली हळूहळू बदलत येतो. तिथे रुंद पायऱ्या पडलेल्या दिसल्या तर तो छटांच्या कमतरतेचा परिणाम: आठ बिटांच्या चित्रात प्रत्येक मूळ रंगाच्या 256 छटा असतात, दहा बिटांच्या चित्रात 1024. अंधाऱ्या, एकसुरी भागात 256 लवकर संपतात, आणि प्रसारण दाबून लहान केलेलं असेल तर त्याहूनही लवकर.

महाग टीव्हींनी पाझरावर एक उपाय काढला आहे. मागचे दिवे छोट्या विभागांत वाटायचे, आणि चित्राचा जो भाग काळा असेल त्या भागामागचे दिवे मंद करायचे. उपाय खरा आहे, परिणाम ठळक आहे. पण हिशोब करून बघा. फोरके पडद्यावर 82,94,400 बिंदू असतात. विभाग पाचशे धरले तर एका विभागाच्या वाट्याला साडेसोळा हजार बिंदू येतात. ज्योत त्यातल्या दीडशे बिंदूंची असली तरी अख्खा विभाग पेटवावा लागतो, आणि ज्योतीभोवती फिकट वलय उमटतं. ते बघायचं असेल तर काळ्या दृश्यावर पांढरी सबटायटल चालू करा. प्रत्येक ओळ आली की खालच्या पट्टीतला काळोख उचलला जाईल, ओळ गेली की खाली बसेल. सबटायटल येतात आणि जातात तसं हे उचलणं-बसणं काही मिनिटं पाहत राहा. तुमचं लक्ष चिडीकडे वळत असेल तर जाणूनबुजून परत ज्योतीकडे आणा. वलय दिसतं म्हणून हा उपाय बंद करून टाकणारे लोक आहेत. मी बंद करत नाही. वलयाच्या बदल्यात उरलेल्या पडद्याला खरा काळोख मिळतो, आणि 'तुंबाड'ला तो हवा आहे.

2019च्या एप्रिलमध्ये 'गेम ऑफ थ्रोन्स'चा 'द लाँग नाइट' हा भाग आला तेव्हा अंधाराचं हे प्रकरण जगभर गाजलं. रात्रीच्या लढाईचा तो भाग लाखो घरांत जवळजवळ दिसलाच नाही. त्याचे छायाचित्रकार फॅबियन वॅग्नर यांचं म्हणणं होतं की चित्र जसं हवं तसंच घेतलेलं आहे, घरच्या टीव्हीच्या सेटिंगमध्ये आणि प्रसारणात ते बिघडलं. प्रेक्षकांचं म्हणणं, आम्ही पैसे भरले, आम्हाला दिसलं पाहिजे. दोन्ही बाजू प्रामाणिक होत्या असं मला वाटतं. मधल्या वाटेवर किती हात लागतात ते दोन्हीकडे कुणी मोजलं नव्हतं.

अंधारातून बाहेर येऊ. आता जुना कृष्णधवल सिनेमा लावा. प्रभातचा 'संत तुकाराम' घ्या, 1936चा, दामले आणि फत्तेलाल यांचा. टीव्ही तपासायला रंगीत निसर्गदृश्यांपेक्षा हा सिनेमा कितीतरी चांगला, कारण त्यात रंगच नाहीत. जो रंग दिसेल तो टीव्हीचा. विष्णुपंत पागनीसांचा चेहरा जवळून दिसेल तिथे चित्र थांबवा. आधी चेहऱ्याचा आकार बघा. हा सिनेमा चौकोनाच्या जवळ जाणाऱ्या चौकटीत चित्रित झाला आहे, साधारण चारास तीन. तुमचा पडदा सोळास नऊ. पडदा भरून चित्र दिसत असेल, दोन्ही बाजूंना काळे पट्टे नसतील, तर कुठेतरी ते आडवं ताणलं गेलं आहे, आणि तुकोबांचा चेहरा एक तृतीयांशाने रुंद झाला आहे. आपल्याकडे कितीतरी घरांत जुने सिनेमे वर्षानुवर्षं असेच पाहिले जातात, पडद्याचे पैसे दिलेत तर तो भरलेला दिसावा म्हणून. पट्टे राहू द्या. माणसाचा चेहरा त्याचा त्याला मिळू द्या.

आकार ठीक झाला की रंग. चेहऱ्यावरचं करडं निळसर दिसतं आहे का? सिनेमा आणि टीव्हीच्या जगात पांढऱ्याचं ठरलेलं माप 6500 केल्विनच्या आसपासचं आहे. 'व्हिविड' किंवा 'डायनॅमिक' मोडमध्ये टीव्ही त्याहून बराच निळा पांढरा दाखवतो, कारण शोरूमच्या उजेडात निळसर पांढरं जास्त झगझगीत भासतं. मोड बदलून 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' करा, सेटमध्ये असेल तर 'फिल्ममेकर मोड'. पहिल्यांदा सगळं पिवळट, मळकट वाटेल. इथे घाई करू नका. डोळे निळ्याला सरावलेले आहेत, त्यांना नवं पांढरं मान्य करायला वेळ लागतो. पंधरा-वीस मिनिटं तसंच पाहा आणि मग परत जुना मोड लावून बघा. आता तो निळा दिसेल, आणि हे आपण इतके दिवस कसं पाहिलं असं वाटेल.

मग 'शार्पनेस'. चेहऱ्याची कड आणि मागची भिंत जिथे भेटतात तिथे नजर ठेवा. तिथे बारीक पांढरी रेघ असेल तर ती सिनेमात नाही. टीव्हीने कड ठसठशीत दिसावी म्हणून ती स्वतः काढली आहे. शार्पनेस कमी करत जा, ती रेघ विरघळेपर्यंत. कुठल्या सेटवर हे शून्याला होतं, कुठल्यावर मध्याच्या आसपास. आकडा महत्त्वाचा नाही, रेघ महत्त्वाची. त्वचेवर आता जो बारीक रवा दिसतो तो फिल्मचा आहे. तो मूळचा आहे, त्याला राहू द्या.

आतापर्यंत चित्र जवळजवळ थांबलेलं होतं. आता हालचाल घेऊ, आणि हालचालीसाठी क्रिकेटइतकं चांगलं दुसरं काही नाही. फलंदाजाने चेंडू सीमारेषेकडे मारला, कॅमेरा चेंडूमागे वळला, पडद्यावरून हिरवळ सरकू लागली. या वेळी चेंडूचा नाद सोडा आणि हिरवळ पाहा. मोठ्या पडद्यावर तिच्यात उभे, मंद, अंधूक पट्टे दिसतील. मैदान सरकतं, पट्टे जागेवरच राहतात. ते पॅनेलचे. थांबलेल्या चित्रात ते सहसा दिसत नाहीत, आणि एकदा दिसले की प्रत्येक षटकात दिसतात. म्हणून हा सराव रोज करू नये. एकदा पाहावं, ओळखावं, सोडून द्यावं. नव्या टीव्हीवर नुसती राखाडी चित्रं लावून रात्ररात्र डाग शोधत बसणारी माणसं सामन्याला मुकतात, आणि सामन्यासाठीच तर टीव्ही आणला होता.

पट्टे सोडा. सीमारेषेवरच्या जाहिरातफलकांकडे या. कॅमेरा वळताना फलकावरची अक्षरं वाचता येतात का? बहुधा पुसट होतात. याचं कारण फार सुंदर आहे, आणि ते निम्मं टीव्हीत आणि निम्मं आपल्या डोळ्यांत आहे. आपल्याकडच्या प्रसारणात सेकंदाला 50 चित्रं दाखवली जातात. एलसीडी प्रत्येक चित्र पुढचं येईपर्यंत, म्हणजे 20 मिलिसेकंद, जसंच्या तसं धरून ठेवतो. आपली नजर मात्र थांबत नाही. ती फलकाबरोबर सलग चालत असते. 55 इंचांचा पडदा सुमारे 122 सेंटिमीटर रुंद. एखादा फलक चार सेकंदांत तो ओलांडत असेल, तर 20 मिलिसेकंदांत नजर सहा मिलिमीटर पुढे जाते, आणि चित्र तिथेच उभं असतं. तेवढे सहा मिलिमीटर डोळ्याच्या पडद्यावर फासले जातात. जुन्या डबा टीव्हीत प्रत्येक बिंदू क्षणभर उजळून विझायचा, म्हणून तिथे हालचाल स्वच्छ दिसायची. त्याखेरीज द्रवस्फटिकांना वळायलाही वेळ लागतो. व्हीए पॅनेलमध्ये काळ्यातून गडद राखाडीत यायला तर बराच, म्हणून अंधाऱ्या दृश्यांत हलणाऱ्या माणसामागे काळी छाया ओढली जाते.

यावर कंपन्यांनी काढलेला उपाय म्हणजे दोन खऱ्या चित्रांच्या मधे टीव्हीने स्वतः बनवलेलं तिसरं चित्र घालायचं. क्रिकेटला ते चालतं, मला विचाराल तर थोड्या प्रमाणात ते हवंच. सिनेमाला चालत नाही. सिनेमा सेकंदाला 24 चित्रांचा असतो. त्या 24ची एक जडशी, स्वप्नवत लय आहे. मधे बनावट चित्रं भरली की ती जाते, आणि मोठा सिनेमा स्टुडिओतल्या मालिकेइतका सपाट वाटू लागतो. डिसेंबर 2018 मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वॅरी यांनी चित्रीकरणाच्या जागेवरून व्हिडिओ काढून लोकांना विनवलं होतं की घरी सिनेमा पाहताना हे बंद करा. पुढच्याच वर्षी 'फिल्ममेकर मोड' जाहीर झाला, ज्यात ते आपोआप बंद होतं. तुमच्या सेटवर याचं नाव कंपनीप्रमाणे बदलेल, पण त्यात बहुधा 'मोशन' हा शब्द असेल. तिथे जाऊन एकच दृश्य दोन्ही प्रकारे पाहा, आणि माणूस चालताना त्याच्या पावलांचं वजन कुठे जाणवतं ते ठरवा.

काही दोष टीव्हीचे नसतातच. साधी, एचडी नसलेली वाहिनी लावलीत तर तिच्या चित्रात जास्तीत जास्त 720 बाय 576 बिंदू असतात, म्हणजे 4,14,720. फोरके पडद्याला त्याच्या वीसपट हवेत. प्रत्येक वीस बिंदूंमागे एकोणीस टीव्ही अंदाजाने भरतो. त्यात केबल किंवा डीटीएचवाल्याने एकाच वाटेवर जास्त वाहिन्या बसवण्यासाठी चित्र दाबलेलं असतं. गर्दीचं, पावसाचं, गुलाल उधळण्याचं दृश्य आलं की चौकोनी ठोकळे दिसतात. इथे सेटिंग बदलण्यात अर्थ नाही. थोडं मागे सरकून बसा. जवळून पाहायला घेतलेला मोठा पडदा अशा वाहिनीपुरता दुरून पाहावा.

आणि काही दोष बिघाडाचे असतात, त्यांचं मनन करायचं नसतं. पडदाभर गोल पांढरे ठिपके उमटले तर मागच्या एलईडी पट्टीवरची भिंगं सुटून पडली आहेत. चित्र जांभळं-निळं पडत चाललं असेल तर एलईडी थकले आहेत. दोन्ही ठिकाणी पट्टी बदलता येते. उभी रंगीत रेघ कायमची आली तर मात्र कारागीर मान हलवतो, "पॅनेल गेलं," म्हणतो, आणि पॅनेलची किंमत नव्या टीव्हीच्या जवळ जाते. अशा रेघांचं एक कारण आपल्या हातातलं असतं. सणाआधीच्या साफसफाईत कुणीतरी थेट पडद्यावर पाणी किंवा काच पुसायचं औषध फवारतं. थेंब काचेवरून ओघळत खालच्या चौकटीत शिरतो, आणि तिथेच, कडेला चिकटवलेल्या केसाहून बारीक तारांच्या पट्ट्यांवर, पॅनेलला हुकूम पोचवणाऱ्या चिप असतात. पुसायचंच असेल तर बंद करून, थंड झाल्यावर, कोरड्या मऊ कापडाने. पाणी लागलंच तर कापडावर, पडद्यावर कधीच नाही.

आता उठा. पागनीसांचा तोच चेहरा पुन्हा लावून चित्र थांबवा आणि सोफ्यावरची मधली जागा सोडा. भिंतीच्या कडेने हळूहळू चालत कडेच्या खुर्चीपर्यंत या, नजर चेहऱ्यावरून न हलवता. व्हीए पॅनेल असेल तर तीन-चार पावलांतच काळे केस राखाडी होतील, गाल फिके पडतील, चित्रातला जोर ओसरेल. आयपीएस असेल तर चेहरा टिकेल, पण अंधाऱ्या भागांवर धुकट उजेड चढेल. रेणूंच्या रांगेतून सरळ येणारा प्रकाश आणि तिरका येणारा प्रकाश, दोघांची वाट वेगळी असते, म्हणून प्रत्येक जागेवरचं चित्र वेगळं. हे सुधारण्यात आपल्या देशाचाही वाटा आहे. बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत 1977 साली शिवरामकृष्ण चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चकतीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधले (तारेवाले, नोबेल मिळालेले चंद्रशेखर ते निराळे), आणि पुढे अशाच रेणूंच्या फिल्म पडद्यांवर बसवून बाजूने दिसणारं चित्र सावरलं गेलं. सावरलं, पूर्ण बरं झालं नाही.

खुर्चीत बसा. मग खाली, सतरंजीवरही बसून बघा. शोकेसच्या वर, भिंतीवर उंच टांगलेला टीव्ही खालून पाहिला तरी हेच होतं. बहुतेक घरांत मधली जागा कुणाची हे ठरलेलं असतं, आणि कडेची खुर्चीही. तिथे बसणारी आजी किंवा काका "आजकालचे सिनेमे अंधारेच असतात," म्हणत असतील, तर त्यांच्या डोळ्यांचा नंबर वाढला असं धरण्याआधी त्यांच्या जागेवरून निदान एक अख्खा सिनेमा पाहा. ब्रॅकेट फिरती असेल तर पडदा त्या बाजूला थोडा वळवा, टीव्ही उंचावर असेल तर सुतार बोलावून वीतभर खाली घ्या, आणि दोन्ही जमत नसेल तर ती खुर्ची दोन हात आत ओढा. उद्या त्यांना विचारा, "आता दिव्यामागची भिंत दिसते का हो?"